नेपाळचं एक वर्ष: पात्रो, जात्रा आणि सुट्ट्यांचं राजकारण

रानजाई | रविवार, रात्री ९:४०

दुसऱ्या एका धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं होतं, 'नेपाळमध्ये वर्षाला सुट्ट्या असतात तरी किती?' तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. एक आकडा सांगून भागत नाही, कारण सुट्टी कोणाची ते आधी ठरवावं लागतं. बाई असाल तर एक हिशेब, पुरुष असाल तर दुसरा. काठमांडूच्या खोऱ्यात राहत असाल तर जात्रांच्या जास्तीच्या मिळतात. थारू, तामांग, शेर्पा, किरात, मुसलमान, ख्रिस्ती असाल तर आणखी निराळा हिशेब.

पार्श्वभूमी थोडक्यात. विक्रम संवत २०८१, म्हणजे एप्रिल २०२४ ते एप्रिल २०२५, हे पूर्ण वर्ष मी काठमांडूत होते. जलविद्युत प्रकल्पाचं सल्लागाराचं काम. निम्मी मंडळी तिथे, निम्मी पुण्याच्या ऑफिसात आणि वेळापत्रक माझ्या गळ्यात. पुण्याला शनिवार-रविवार सुट्टी, काठमांडूला तेव्हा फक्त शनिवार. रविवारी सकाळी तिकडे मीटिंग सुरू व्हायची तेव्हा पुणेकर अजून अंथरुणात. (२०२२ साली इंधन वाचवायला म्हणून तिथल्या सरकारने रविवारचीही सुट्टी देऊन पाहिली होती. महिन्याभरात गुंडाळली.)

तिथे घराघरांत, दुकानांत, चहाच्या टपरीवरसुद्धा भिंतीवर पात्रो, म्हणजे तिथलं कॅलेंडर, टांगलेलं असतं, नाहीतर मोबाईलवर 'हाम्रो पात्रो' असतं. बँकेचा चेक, भाडेकरार, जन्मदाखला, सगळ्यावर संवताची तारीख. इंग्रजी तारीख कोपऱ्यात बारीक अक्षरांत. महिना बत्तीस दिवसांचाही असतो, त्यामुळे 'पुढच्या महिन्याची तीसला बघू' म्हणताना आधी पात्रो बघायचं. वर्ष बदलतं १ वैशाखला, आर्थिक वर्ष मात्र १ साउनला, म्हणजे जुलैच्या मध्यावर.

सुट्ट्यांची यादी नवीन वर्षाआधी मंत्रिमंडळ ठरवतं आणि ती राजपत्रात येते. वर्षभर ती यादी हाताळून माझं मत असं झालं की तिच्याकडे नुसती सणांची यादी म्हणून बघू नये. कोणतं सरकार कधी आलं, कोण कधी रस्त्यावर उतरलं आणि कोणाच्या पदरात काय पडलं, ते सगळं तिच्यात दिसतं.

लोकशाही आल्याचे दिवसच बघा ना. ७ फागुन हा प्रजातंत्र दिवस: संवत २००७ मध्ये (१९५१) राजा त्रिभुवन दिल्लीहून परतले आणि राणा या पंतप्रधान घराण्याची १०४ वर्षांची सत्ता संपली. ११ वैशाख हा लोकतंत्र दिवस: २०६३ मध्ये (२००६) जनआंदोलनापुढे राजा ज्ञानेंद्र यांना बरखास्त संसद परत आणावी लागली. १५ जेठ हा गणतंत्र दिवस: २००८ मध्ये संविधान सभेच्या पहिल्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही गेली. वर ३ असोज (आश्विन), २०१५ सालच्या संविधानाचा. त्या दिवशी काठमांडूत दिवाळी होती आणि तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी पक्षांनी काळा दिवस पाळला. तेव्हाची भारताच्या सीमेवरची नाकेबंदी आठवत असेल.

१५ जेठची गंमत वेगळी. संघीय अर्थसंकल्प याच तारखेला मांडायचा असं खुद्द संविधानात लिहिलंय. त्यामुळे गणतंत्र दिवसाची सुट्टी आणि बजेट एकाच दिवशी. सुट्टी असूनही आमचे सगळे अकाउंटवाले टीव्हीसमोर, विजेच्या सामानावर भन्सार, म्हणजे आयातकर, वाढतो की काय या चिंतेत.

आणि राजा गेला म्हणावं तर तोही पात्रोत परत येतो. २७ पुस ही नेपाळ एक करणाऱ्या राजा पृथ्वीनारायण शाहची जयंती. २०६३ च्या आंदोलनानंतर ती सुट्टी रद्द झाली होती. २०२३ च्या जानेवारीत ती पुन्हा दिली, आणि दिली कोणी? ज्या माओवाद्यांनी राजाविरुद्ध दहा वर्षं युद्ध केलं त्यांचेच नेते प्रचंड तेव्हा पंतप्रधान होते. मी होते त्या वर्षी २७ पुस शनिवारी आला, त्यामुळे सगळी राष्ट्रीय एकता साप्ताहिक सुट्टीतच उरकली.

फागुन ते चैत्र तर धडधड होती नुसती. ७ फागुनच्या, म्हणजे प्रजातंत्र दिवसाच्या, आदल्या दिवशी ज्ञानेंद्र यांनी व्हिडिओ संदेशातून लोकांकडे पाठिंबा मागितला. मार्चमध्ये विमानतळावर त्यांच्या स्वागताला हजारो लोक. २८ मार्चला काठमांडूतल्या तीनकुनेत राजावाद्यांच्या मोर्चात जाळपोळ झाली, दोघांचा जीव गेला, संचारबंदी लागली. दुसऱ्या दिवशी पात्रोत घोडेजात्रा, टुंडिखेल मैदानावर लष्कराच्या घोड्यांची शर्यत. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आपला गुढीपाडवा, ज्याची तिथे सुट्टी नाही. मी भाड्याच्या खोलीच्या खिडकीत गुढी उभारली आणि कामावर गेले.

आता मला सगळ्यात भिडलेला दिवस, गाईजात्रा. आपल्या नारळी पौर्णिमेला तिथे जनै पूर्णिमा. पुरुष जानवं बदलतात, मनगटावर पिवळा दोरा बांधून घेतात, आणि नऊ कडधान्यांना मोड आणून क्वाँटी नावाची आमटी होते. दुसऱ्या दिवशी गाईजात्रा. वर्षभरात ज्या घरात माणूस गेलं असेल त्या घराने गाय, किंवा गाय नसेल तर गाईच्या सोंगातला मुलगा घेऊन गावभर फिरायचं. गाईची शेपटी धरून आत्मा पार जातो म्हणतात. आख्यायिका अशी की पोर गेल्याच्या दुःखातून राणी बाहेर येईना, तेव्हा राजा प्रताप मल्लने शहरातल्या सगळ्या सुतकी घरांना राजवाड्यावरून जायला सांगितलं, म्हणजे तिला कळावं की मरण फक्त तिच्याच घरात आलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या नेवार आजींचे यजमान त्या वर्षी गेले होते. सहा-सात वर्षांचा नातू, कपाळाला कागदाचा गाईचा मुखवटा, त्याला रंगीत कागदाची शिंगं, ओठांवर काजळाच्या मिशा, कमरेला पिवळं धडुतं. लोक त्याच्या टोपलीत केळी, बिस्किटं, सुटे पैसे टाकत होते आणि तो सारखा मागे वळून आजीला विचारत होता की बिस्किटं आत्ता खाल्ली तर चालतील का. आजी हसत होत्या. ज्या घरातून चार महिन्यांपूर्वी प्रेत निघालं होतं, त्या घरातली माणसं भर रस्त्यात हसतात आणि कोणी नावं ठेवत नाही. भाद्रपदाचा तो दिवस टवाळीचाही असतो. वर्तमानपत्रं नेत्यांची यथेच्छ टर उडवतात. भक्तपूरला गाईऐवजी उंच बांबूंचा सांगाडा मिरवतात, त्याला साडी किंवा कापड गुंडाळलेलं, गवताची शिंगं, वर छत्री आणि मधोमध गेलेल्या माणसाचा फोटो. आणि एवढं सगळं असून सुट्टी फक्त काठमांडू खोऱ्यात! पोखऱ्याच्या साइटवर त्या दिवशी काँक्रीट ओतणं चालू.

दसैं-तिहारवर (म्हणजे तिथला दसरा-दिवाळी) लिहायला बसले तर रात्र जाईल. प्रतिसादांत बोलू.

पायपीट | रविवार, रात्री १०:२५

झकास धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. इंद्रजात्रेबद्दल लिहा ना. कुमारीच्या रथाचे फोटो पाहिलेत, पण तो दिवस नेमका कोणता ते कळत नाही. दर वर्षी सप्टेंबरात तारीख बदलते.

नेमके | सोमवार, सकाळी ७:१०

पायपीट, सोपं आहे. कुमारीचा रथ अनंत चतुर्दशीला निघतो. पुण्या-मुंबईत विसर्जनाची मिरवणूक असते त्याच दिवशी तिकडे जिवंत देवी रथातून फिरते. तिथी एकच, फक्त सरकारी यादीत ती संवताच्या तारखेने छापतात.

पंचांगाचा एक खुलासा, कारण रानजाई यांनी गाईजात्रा भाद्रपदात टाकली म्हणून कोणीतरी वाद घालेलच. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा तिथीचा महिना पौर्णिमेला. त्यामुळे नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस आपल्याला श्रावण वद्य प्रतिपदा, त्यांना भाद्र कृष्ण प्रतिपदा. सरकारी तारीख मात्र सौर. महिना संक्रांतीला सुरू होतो, म्हणून माघे संक्रांती कायम १ माघलाच. तिथीवरचे सण सरकतात, राष्ट्रीय दिवस हलत नाहीत.

आणखी एक, आपल्या जिव्हाळ्याचं. विक्रम संवत तिथे अनादि काळापासून नाही. शाह राजांच्या नाण्यांवर शालिवाहन शक असायचं, आपलंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चंद्रशमशेर राणाच्या काळात सरकारी कामात विक्रम संवत आलं.

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ८:०२

वाचून दमलो. महिन्यातून चार दिवस देव, दोन दिवस हुतात्मे, एक दिवस कोणाचं तरी नवीन वर्ष. कामं कधी करतात ही मंडळी? आणि वर निम्मा देश आखातात राबायला जातो. जातीजातीला खूश करायला सुट्ट्या वाटायच्या, ही स्वस्तातली भीक आहे. आपल्याकडेही तेच.

रानजाई | सोमवार, दुपारी १:१५

आजोबा, त्रागा समजू शकते. वेळापत्रक सांभाळताना मीही कमी शिव्या घातलेल्या नाहीत. पण 'भीक' हा शब्द मागे घ्यायला लावणारा एक दिवस आहे: १ माघ.

आपल्याकडे त्या दिवशी तिळगूळ. काठमांडूत तूप, चाकू (उसाच्या रसाची घट्ट वडी) आणि उकडलेले कंद. पण पश्चिम तराईतल्या थारूंचं ते नवीन वर्ष, माघी. गावचा प्रमुख त्या दिवसांत निवडतात, वर्षाची कामं ठरतात. आणि याच माघीला कमैयांचे करार व्हायचे. कमैया म्हणजे कर्जापोटी जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारा माणूस. या वर्षी कोणाच्या घरी राबायचं ते माघीला ठरायचं. लहान मुलींना कमलरी म्हणून शहरातल्या घरांत धुणीभांड्यांना पाठवायचे तेही माघीलाच. कमैया प्रथा कायद्याने बंद झाली ती २००० सालच्या जुलैत, कमलरी त्याच्याही नंतर, २०१३ साली, मुलींनी रस्त्यावर उतरून आंदोलन केल्यावर. ज्या दिवशी माणसं वर्षाच्या बोलीवर दिली जायची, तोच दिवस आज त्यांचा सण म्हणून सरकारी यादीत आहे. आमच्या ऑफिसात कैलालीकडचा एक थारू इंजिनिअर होता. त्याच्या आजोबांच्या पिढीने माघीला काय पाहिलंय हे ऐकल्यावर त्या दिवशीच्या मीटिंगची तारीख मी निमूट बदलली.

इतरांचंही तसंच. गुरुंगांचा तमु ल्होसार १५ पुसला, तामांगांचा सोनाम ल्होसार माघ शुद्ध प्रतिपदेला, शेर्पांचा ग्याल्पो ल्होसार फागुन शुद्ध प्रतिपदेला. काठमांडूतल्या नेवारांचं नेपाळ संवत आपल्या बलिप्रतिपदेला बदलतं. ते इ. स. ८७९ पासून मोजतात, २०२४ च्या दिवाळीत ११४५ लागलं. पंचायत राजवटीत (१९९० पर्यंतची राजाच्या हातातली, पक्षांना बंदी असलेली राजवट) एक भाषा, एक वेष हा सरकारी मंत्र होता. नेवार तरुण नेपाळ संवताची मागणी करत रॅली काढायचे. हे सगळे दिवस यादीत आले ते बहुतेक १९९० आणि २००६ नंतर.

इंद्रजात्रा: @पायपीट, नेमके यांनी तिथी सांगितलीच. १७६८ साली शहर जात्रेच्या रंगात असताना पृथ्वीनारायण शाहचं सैन्य काठमांडूत शिरलं आणि त्याच जात्रेत कुमारीकडून टीका (कपाळावरचा टिळा) त्याने घेतला, असं सांगतात. पुढे दर वर्षी शाह राजा टीका घ्यायचा. आता राष्ट्रपती येतात. २००८ साली राजा गेल्या गेल्या नव्या सरकारने जात्रेतल्या बळींचा खर्च बजेटमधून कापला, तर नेवार मंडळी टायर जाळत रस्त्यावर. सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. राजा घालवता येतो, जात्रेचा बोकड नाही!

हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याच्या बाजूला श्वेतभैरवाचा मोठा मुखवटा वर्षातून त्याच दिवसांत उघडतात. तोंडातल्या नळीतून जाँड (तांदळाची घरगुती दारू) वाहते आणि खाली तरुण पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून ती प्यायला धडपडतात. पोलिसही बघत हसत उभे.

खडूस_आजोबा | सोमवार, दुपारी ३:४०

माघीचं माहीत नव्हतं. ठीक. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच.

गलाईवाला | सोमवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. वाचक होतो, आज खास लिहायला आलो. आम्ही मूळचे विट्याकडचे, काठमांडूत सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात. सांगलीच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं इथे बऱ्यापैकी आहेत, हे पुष्कळ मराठी लोकांना ठाऊक नसतं. गणपतीही बसवतो. विसर्जन उरकून पोरं तशीच गुलालाने माखलेली बसंतपूरला कुमारीचा रथ बघायला जातात. इथल्या लोकांना वाटतं हेही जात्रेचंच सोंग.

ताईंनी तिहार सोडून दिला, म्हणून मी लिहितो. पाच दिवस. पहिला कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. कुकुर तिहारला गल्लीतल्या भटक्या कुत्र्यालाही टीका आणि झेंडूची माळ. माळ खाऊन टाकणारी कुत्री दर वर्षी असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी गाय, संध्याकाळी लक्ष्मी. जनै पूर्णिमेला मनगटावर बांधलेला तो पिवळा दोरा त्या दिवशी सोडून गाईच्या शेपटीला बांधतात. चौथा गोवर्धनाचा, आणि नेवारांकडे म्हपूजा. म्हपूजेत माणूस स्वतःच्या देहाची पूजा करतो, जमिनीवर प्रत्येकासाठी वेगळं मंडल काढून. पाचवा भाईटीका. आपली भाऊबीज म्हणा, पण थाट मोठा. भावाभोवती तेलाची धार, उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा, कपाळावर सात रंगांचा उभा टीका, गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ, जी सुकत नाही. मुहूर्त रेडिओवर सांगतात आणि राष्ट्रपतीही त्याच मुहूर्ताला टीका लावून घेतात.

ज्यांना बहीण नाही, भाऊ नाही, त्यांच्यासाठी रानीपोखरीच्या तळ्यातलं मंदिर वर्षातून त्या एकाच दिवशी उघडतं. पहिल्या वर्षी मीही त्या रांगेत होतो. बहीण कराडला, यायला जमेना. मागे एक साठीचा गृहस्थ, त्याची बहीण भूकंपात गेलेली. रांगेत कोणी फार बोलत नाही. पण बाहेर पडलं की सगळे एकमेकांना 'दाइ, चिया खाऊं' (दादा, चहा घेऊ) म्हणत टपरीवर.

आमची सुट्टी म्हणाल तर दसैं-तिहारात अजिबात नाही. त्याच वेळी लोक सोनं घेतात, मोडतात, भट्टी थंड होत नाही. आम्ही गावाला जातो ते गावच्या यात्रेला.

मीठभाकर | मंगळवार, सकाळी ९:३०

गलाईवाले दादा, सुंदर लिहिलंत. लिहीत राहा.

एक शंका. दसैं सगळेच करतात का? मी ऐकलंय की काही जनजाती टीका लावत नाहीत.

रानजाई | मंगळवार, दुपारी १२:२०

बरोबर ऐकलंयत. १९९० नंतर बऱ्याच जनजाती संघटनांनी दसैंवर बहिष्काराची हाक दिली होती. त्यांचं म्हणणं, हा सण राज्यकर्त्यांनी आमच्यावर लादला. राई आणि लिंबू जमातींच्या घरांत काही जण टीका लावत नाहीत, काही लाल ऐवजी पांढरा लावतात. पण गावी सगळेच जातात. कायद्याने एका महिन्याच्या पगाराएवढा सणाचा भत्ता मिळतो, आणि काठमांडू रिकामं होतं. मोकळ्या रस्त्यावर मी रत्नपार्कपासून थापाथलीपर्यंत भर दुपारी रस्त्याच्या मधोमध चालत गेलेय.

आपल्या आणि त्यांच्या दसऱ्यात साम्य बरंच आहे. घटस्थापनेला जव पेरतात, अंधारात वाढवतात म्हणून कोंब पिवळे येतात. त्याला जमरा म्हणतात. आपल्याकडेही खेड्यात घटातले तुरे टोपीत खोवतातच की. नवमीला हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजायच्या, आपली खंडेनवमीच. फरक दशमीला. सोनं वाटायला आपण घरोघर जातो, तिथे थोरांकडे टीका घ्यायला जातात, तोही पौर्णिमेपर्यंत. दही-तांदूळ-अबीरचा एवढा जाड थर कपाळावर की वाळला की खपली पडते. सप्तमीला गोरख्याहून पायी आणलेली फूलपाती हनुमान ढोक्यात येते, टुंडिखेलवर लष्कर बंदुकांची सलामी देतं. तीसुद्धा राजाच्या घरची प्रथा, प्रजासत्ताकाने जशीच्या तशी पुढे चालवलेली.

मी होते त्या वर्षी दसैंवर सावट होतं. घटस्थापनेच्या काही दिवस आधी, सप्टेंबरच्या शेवटी, दोन दिवस नुसता कोसळला. दोनशेहून जास्त माणसं गेली. काठमांडूला जोडणारे रस्ते तुटले, धादिंगला झ्याप्ले खोला नावाच्या ओढ्यापाशी दरड कोसळून प्रवाशांनी भरलेल्या गाड्या गाडल्या गेल्या. तरी लोक मिळेल त्या वाटेने, फिरून फिरून गावी गेलेच. आमच्या चौकीदाराला सिंधुलीला पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. टीका चुकवला नाही.

तापीकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

त्या वर्षाचं लिहिताय म्हणून एक. २३ ऑगस्ट २०२४ ला तनहुँमध्ये मर्स्यांगदी नदीत बस कोसळली, त्यात आमच्या जळगाव जिल्ह्यातले भाविक होते. २७ जण गेले. हवाई दलाच्या विमानाने जळगावला आणलं. वरणगावात एकेका घरातले दोन-दोन, तीन-तीन. त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसले पण वाजंत्री नव्हती. बाकी काही लिहीत नाही.

नेमके | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

🙏

पायपीट | मंगळवार, रात्री ९:१५

गलाईवाले, यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, सप्टेंबरात तुम्ही तिथेच होतात का? तेव्हाचं काही लिहिण्यासारखं असेल तर.

गलाईवाला | बुधवार, रात्री १२:३०

होतो. इंद्रजात्रा नुकतीच झाली होती, पोरांच्या कपड्यांचा गुलाल धुवायचा राहिलेला. २३ भदौला (८ सप्टेंबर) सोशल मीडियावरच्या बंदीविरुद्ध आणि भ्रष्टाचाराविरुद्ध शाळा-कॉलेजची पोरं संसदेसमोर गेली, काही जण तर शाळेच्या गणवेशात. गोळीबार झाला, एकोणीस जण त्याच दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, पण तोपर्यंत संसद आणि सिंहदरबार, म्हणजे सरकारी सचिवालय, पेटलेले. आम्ही भट्टी विझवून, शटर आतून लावून बसलो. सोन्याचा धंदा, अशा वेळी जीव मुठीत असतो. शेजारच्या शाक्य दाइंनी दोन दिवस आमचं जेवण मागच्या जिन्याने पाठवलं.

सुट्ट्यांचा धागा आहे म्हणून सांगतो. सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या आणि १७ सप्टेंबर, १ असोज, राष्ट्रीय शोक दिवस म्हणून सुट्टी जाहीर झाली. कोणत्याच पात्रोत छापलेली नव्हती. आमच्या दुकानातल्या पात्रोत मालकीणबाईंनी त्या चौकटीत पेनाने लिहिलं. त्यानंतर दोन दिवसांवर संविधान दिवस, आठवडाभरात घटस्थापना. या दसैंला काठमांडू सोडताना लोक बसच्या टपावर बकरे बांधत होते तसेच, नेहमीसारखेच. पण ज्यांच्या घरातलं पोर गेलं त्या घरांत यंदा टीका नाही. सुतकात टीका लावत नाहीत.

इथे १६ माघला शहीद दिवस असतो, राणांनी संवत १९९७ मध्ये (१९४१) मारलेल्या चौघांचा: शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद, गंगालाल श्रेष्ठ. शहीदगेटवर त्यांचे पुतळे आहेत. या पोरांनाही सरकारने शहीद ठरवलंय. त्यांचा वेगळा दिवस पात्रोत येतो का, ते पुढच्या यादीत दिसेल.

रानजाई | बुधवार, सकाळी १०:००

दादा, काळजी घ्या. त्या दोन दिवसांत आमच्या जुन्या ऑफिसातल्या मुलांचे फोन लागत नव्हते तेव्हा इथे पुण्यात बसून जीव टांगणीला लागला होता. सगळे सुखरूप आहेत.

शेवगाव_एक्सप्रेस | बुधवार, दुपारी २:४५

धागा वरून खाली वाचला. आता व्यवहाराचं विचारतो. आईवडील आणि दोन पोरं घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये पशुपतिनाथ करायचं आहे. शिवरात्र धरावी का? काही बंद-बिंद असतं का?

रानजाई | बुधवार, संध्याकाळी ५:३०

आईवडील बरोबर असतील तर शिवरात्रीचा दिवस सोडा. पहाटेपासून रांग, धक्काबुक्की, चिलमीचा धूर. साधू भारतातून, नेपाळभरातून येतात आणि पोरांना ते बघायला आवडतं हे खरं. दोन दिवस आधी गेलात तर साधूही दिसतील आणि दर्शनही निवांत होईल. शिवरात्रीलाच तिथला सेना दिवस असतो, टुंडिखेलवर तोफा वाजतात, ते लांबून बघता येतं. पैशाचं म्हणाल तर आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ, भाव ठरलेला आहे.

फागुन गच्च भरलेला आहे. शिवरात्र, ग्याल्पो ल्होसार (संध्याकाळी बौद्धनाथ स्तूपाला जा, आईंना आवडेल), ७ फागुन, मग होळी. होळी पहाडात एक दिवस, तराईत दुसऱ्या दिवशी, त्यामुळे सीमेपलीकडून गाडीने येणार असाल तर दोन दिवस रंग अंगावर घ्यायची तयारी ठेवा.

गलाईवाला | बुधवार, रात्री ११:१०

ताईंच्या यादीत एक जोडतो. निवडणूक २१ फागुनला, म्हणजे ५ मार्च २०२६ ला जाहीर झाली आहे, होळीच्याच आठवड्यात. मतदानाच्या दिवशी इथे सुट्टी असतेच, वर गाड्यांनाही बंदी असते. टॅक्सी, बस काही मिळत नाही, विमानतळावर जायचे वांधे. तेव्हा शिवरात्रीच्या आधी या आणि ग्याल्पो ल्होसार बघून परत फिरा. जेवायची अडचण पडली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे भाकरी मिळेल.

शेवगाव_एक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ८:२०

धन्यवाद दोघांना. तिकिटं आजच बघतो. दादा, व्यनि केलाय.